फोटो हलका झाला तो कोणामुळे?

मोबाइलवर काढलेला फोटो क्षणात दुसऱ्या टोकाला पोहोचतो याचे श्रेय आपण सहसा वेगवान इंटरनेटला देतो. ते श्रेय अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे जेपेग या पद्धतीचे आहे. डोळ्याला फारसा फरक जाणवू न देता फोटोची फाइल मूळ आकाराच्या दहाव्या हिश्शापर्यंत खाली आणता येते, ती या पद्धतीमुळे. हे मानक १९९२ साली ठरले. त्यानंतर फ्लॉपी गेली, सीडी गेली, डायल-अप मोडेम गेले. ज्या यंत्रांसाठी जेपेग घडवले गेले त्यांतले जवळपास काहीच उरले नाही. जेपेग मात्र आहे तिथेच आहे. मधल्या तीन दशकांत फाइल त्याहून लहान करणाऱ्या निदान अर्धा डझन पद्धती येऊन गेल्या, तरी सर्वसामान्य फोटोची भाषा अजून तीच आहे. असे का झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे. जेपेगचे गणित उत्तम होते हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. जेपेग टिकले ते मुख्यतः मोकळेपणामुळे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागली नाही, स्वामित्वशुल्क मोजावे लागले नाही, आणि त्याचा चालता प्रोग्रॅम कुणालाही फुकट उचलून आपल्या कामात वापरता आला. फोटो लहान करण्याचा इतिहास म्हणूनच गणिताइतकाच हक्कांचाही इतिहास आहे.

आधी अडचण किती मोठी होती ते पाहू. चित्र तारेवरून पाठवण्याची धडपड संगणकाहून जुनी आहे. १९२०च्या दशकात बार्टलेन पद्धतीने लंडनहून न्यूयॉर्कला समुद्राखालच्या तारेतून वृत्तपत्रांची छायाचित्रे जात, आणि बोटीने जायला आठवडा लागणारे चित्र तीन तासांच्या आत पोहोचे. त्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत आरंभी फक्त पाच छटा असत. १९५७ साली रसेल कर्श यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला, तेव्हा तो १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचा होता. ठिपके वाढले, रंग आले, तशी फाइल फुगत गेली. दूरचित्रवाणीच्या पडद्याएवढे, म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे रंगीत चित्र घ्या. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा मिळून तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण सुमारे साडेबारा लाख बाइट. १९८०च्या दशकात ज्या नव्या डिजिटल टेलिफोन जोडणीकडे सगळे डोळे लावून बसले होते, तिचा वेग सेकंदाला ६४ हजार बिट होता. त्या वेगाने हे एक चित्र पोहोचायला अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. ९,६०० बिटांच्या मोडेमवर सतरा मिनिटे. एवढा वेळ चित्राची वाट पाहणार कोण? फोटो लहान केल्याशिवाय तो तारेवर येणारच नव्हता.

याचे उत्तर ज्या सूत्राने दिले त्याचा उगम फोटोच्या धंद्यात झाला नाही, विद्यापीठात झाला. नासिर अहमद यांचा जन्म १९४०चा, बंगळूरचा. तिथेच अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी एका नव्या गणिती रूपांतराचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. कल्पना फारच साधी आहे, असे परीक्षकाचे मत पडल्याचे अहमद यांनी पुढे लिहिले आहे. त्यांनी काम थांबवले नाही. विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतले के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते तडीस नेले आणि जानेवारी १९७४ मध्ये आयईईईच्या संगणकविषयक नियतकालिकात चार पानांचा लेख छापला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे आजच्या बोलण्यातले डीसीटी, जगासमोर आले ते असे. माझ्या मुद्द्यासाठी यात महत्त्वाचे हे की सूत्र उघड्यावर आले. ज्याला हवे त्याने वाचावे, तपासावे, त्यावर पुढचे काम उभारावे. आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत अनेकांनी तसे केलेही.

हे सूत्र करते काय? फोटोत शेजारशेजारचे ठिपके बहुतेक वेळा एकमेकांसारखेच असतात. आकाशाच्या एका तुकड्यात निळ्याच्या किंचित वेगळ्या छटा असतात, गालावर त्वचेचा रंग हळूहळू बदलतो. जेपेग फोटोचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे डीसीटीतून गेले की त्यांचे दुसरे ६४ आकडे होतात. त्यांतला पहिला त्या चौकोनाचा सरासरी उजळपणा सांगतो, पुढचे काही ढोबळ चढउतार सांगतात आणि शेवटचे अगदी बारीक, पटकन बदलणारे तपशील. या रूपांतरात काहीच गमावलेले नसते. गमावण्याचे काम पुढच्या पायरीवर होते. प्रत्येक आकड्याला ठरलेल्या भाजकाने भागून पूर्णांकात बसवले जाते. बारीक तपशिलांचे भाजक मोठे असल्याने त्यांतल्या बहुतेकांचे शून्य होते. शून्यांच्या लांब रांगा थोडक्यात लिहिता येतात, आणि उरलेल्या आकड्यांना डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली मांडलेल्या रीतीने सांकेतिक रूप दिले जाते, ज्यात वारंवार येणाऱ्या आकड्याला छोटा संकेत मिळतो. याच्याही आधी एक काटछाट झालेली असते. माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला फरक मात्र ढोबळपणे. रंगीत दूरचित्रवाणी घडवणाऱ्या अभियंत्यांनी १९५०च्या दशकातच याचा उपयोग करून घेतला होता. जेपेगनेही तो वारसा घेतला: उजळपणा पूर्ण ठेवायचा, रंगाची माहिती अर्ध्या किंवा चौथ्या हिश्शावर आणायची. म्हणजे टाकायचे काय हे गणित ठरवत नाही. ते ठरते माणसाच्या नजरेवरून.

ती नजर प्रत्यक्ष कसोटीलाही लावली गेली. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटना आणि टेलिफोन-तारयंत्रांचे मानक ठरवणारी सल्लागार समिती यांच्या तज्ज्ञांचा संयुक्त गट स्थापन झाला. जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप हे त्याचे नाव. त्याची आद्याक्षरे म्हणजे जेपेग. १९८७ मध्ये या गटापुढे वेगवेगळ्या देशांतून आणि कंपन्यांतून बारा प्रस्ताव होते. कोणते चित्र कोणत्या पद्धतीने लहान केले आहे हे न सांगता ती माणसांना दाखवली गेली आणि त्यांच्या पसंतीवरून बाराचे तीन झाले. जानेवारी १९८८ मध्ये कोपनहेगनला अधिक कडक चाचणी झाली आणि युरोपातल्या सहकारी प्रकल्पातून आलेला, आठ गुणिले आठच्या डीसीटीवर उभा असलेला प्रस्ताव निवडला गेला. निर्णय कुणा एका कंपनीच्या ताकदीने झाला नाही. नावे झाकून केलेल्या तुलनेने झाला, आणि झाल्यावर सगळ्यांना खुला राहिला. खुलेपणाची ही पहिली पायरी.

दुसरी पायरी त्याहून निर्णायक होती. मानकाच्या मसुद्यात शेवटच्या टप्प्यासाठी दोन मार्ग दिले होते. एक हफमनचा जुना मार्ग. दुसरा अंकगणितीय कोडिंगचा, ज्याने फाइल आणखी पाच ते दहा टक्क्यांनी लहान होई. दुसरा मार्ग सरळसरळ सरस होता, पण त्यावर आयबीएम, एटी अँड टी आणि मित्सुबिशी यांची पेटंटे होती. समितीने मूळ पातळीचे जेपेग हफमनवरच ठेवले, म्हणजे ते कुणालाही शुल्काशिवाय वापरता यावे. मग टॉम लेन यांच्या पुढाकाराने इंडिपेंडंट जेपेग ग्रुप या स्वयंसेवकांच्या गटाने लिबजेपेग हा प्रोग्रॅम लिहिला आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये, म्हणजे मानकावर अधिकृत शिक्का बसण्याआधीच, मूळ आज्ञावलीसह सगळ्यांना फुकट दिला. धंद्यासाठी वापरला तरी चालेल, फक्त आमचा उल्लेख करा, एवढीच त्यांची अट. या गटानेही पेटंटांचे कारण उघडपणे देऊन अंकगणितीय मार्ग बाजूला ठेवला. पाच-दहा टक्क्यांचा फायदा सोडला आणि सगळ्यांसाठी मोकळी वाट घेतली. त्या काळात ब्राउझर लिहिणाऱ्याला, चित्र संपादनाचा प्रोग्रॅम करणाऱ्याला, स्कॅनर किंवा कॅमेरा बनवणाऱ्याला जेपेग स्वतः समजून घेऊन नव्याने लिहिण्याची गरज उरली नाही. १९९४ मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये जेपेग चित्रे मजकुराच्या ओळीतच दिसू लागली, आणि वेबवरच्या फोटोचा प्रश्न जवळजवळ तिथेच मिटला.

त्याच वर्षी उलट बाजूचा धडाही मिळाला. कॉम्प्युसर्व्हने १९८७ साली आणलेले जिफ तोवर सर्वत्र पसरले होते. त्यात २५६च रंग बसत, त्यामुळे फोटोसाठी ते तोकडे होते, पण चिन्हे आणि आकृत्यांसाठी सोयीचे होते. त्याच्या आत वापरलेल्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. १९९४च्या डिसेंबरात, जिफ वाचणारे-लिहिणारे प्रोग्रॅम करणाऱ्यांना परवाना घ्यावा लागेल असे जाहीर झाले. प्रोग्रॅमरांमध्ये संताप उसळला आणि त्यातून पेटंटमुक्त पीएनजी जन्माला आले. आपण रोज वापरतो त्या वस्तूच्या पोटात दुसऱ्याचा हक्क दडलेला असू शकतो, हे त्या पिढीला तेव्हा कळले. पुढची कथा याच धड्याची आवृत्ती आहे. मायकेल बार्न्स्ली यांच्या फ्रॅक्टल पद्धतीचा १९९०च्या सुरुवातीला मोठा गाजावाजा होता. मायक्रोसॉफ्टच्या एन्कार्टा विश्वकोशातली चित्रे तिने लहान केली होती. पण ती पेटंटांनी बांधलेली होती, चित्र लहान करायला वेळही फार घेई, आणि ती मागे पडली. अॅपलने २०१७ साली आयफोनमध्ये हेइक आणले. त्यात फाइल जेपेगच्या जवळपास निम्मी होते. मात्र त्याच्या गाभ्यातल्या व्हिडिओ-तंत्रावर अनेक कंपन्यांचे, वेगवेगळ्या गटांत विखुरलेले पेटंट-हक्क आहेत. परिणामी तो फोन फोटो हेइकमध्ये साठवतो आणि दुसऱ्याला पाठवताना पुष्कळदा जेपेग करून देतो. गूगलचे वेबपी आणि अनेक कंपन्यांनी मिळून घडवलेले एव्हिफ वेबवर रुजले, त्याचे एक मोठे कारण ती आरंभापासून शुल्कमुक्त जाहीर झाली हे आहे.

यावर आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेच पाहिजेत. पहिला एमपी३चा. त्यावर जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेची पेटंटे होती, शुल्कही घेतले जाई, तरी ते जगभर गाजले. मग मोकळेपणाचे काय? याचे उत्तर असे की संगीतासाठी तेवढ्याच ताकदीचा, तितक्याच लवकर आलेला आणि मोकळा पर्याय समोर नव्हता. फोटोपुढे तो होता. मोकळेपणा जिंकतो तो दोन पुरेशा चांगल्या पर्यायांत निवड करायची असेल तेव्हा. दुसरा आक्षेप जेपेग २०००चा, आणि तो अधिक टोकदार आहे. त्याच समितीने, पेटंटमुक्त ठेवण्याच्याच हेतूने, वेव्हलेट या नव्या गणितावर हे मानक उभारले. फाइल लहान होत होती, चौकोनी डाग दिसत नव्हते, तरी वेबने ते घेतले नाही. मी हे मान्य करतो की इथे मोकळेपणाचा हेतू पुरला नाही. जुन्या संगणकांना हे गणित जड होते, आणि लिबजेपेगइतका जलद, सर्वांना सहज मिळणारा प्रोग्रॅम त्याला लाभला नाही. म्हणजे कागदावरचा मोकळेपणा पुरत नाही, हातात येणारा मोकळेपणा लागतो. जिथे एकच मोठी संस्था सगळी व्यवस्था ठरवते तिथे जेपेग २००० नांदतेही आहे: चित्रपटगृहांच्या डिजिटल प्रक्षेपणात ते आहे, आणि आधार कार्डावरच्या क्यूआर कोडमध्ये आपला छोटासा फोटो बसतो तोही त्याच रूपात.

तिसरा आक्षेप जेपेगच्या स्वतःच्या पूर्वेतिहासाचा आहे. ते खरोखर मोकळे होते का? २००२ साली फॉर्जेंट नावाच्या अमेरिकी कंपनीने जाहीर केले की १९८७ सालचे एक जुने पेटंट आपल्या मालकीचे आहे आणि जेपेग त्यात येते. तिने सुमारे तीस कंपन्यांकडून मिळून दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम वसूल केली आणि २००४ मध्ये आणखी ३१ कंपन्यांवर दावे लावले. हा प्रसंग माझा मुद्दा खोडतो असे वरवर वाटेल. मला तो त्याला बळ देणारा वाटतो. वसुली सुरू झाली तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती. जेपेग मोकळे आहे या विश्वासावरच जग त्यावर उभे राहिले होते. तो विश्वास वाचवण्यासाठी एका लोकहितवादी संस्थेने पेटंटाची फेरतपासणी मागितली, अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये त्यातले व्यापक दावे फेटाळले, आणि त्याच वर्षी पेटंटाची मुदत संपून उरलेले दावे तडजोडीने मिटले. मोकळेपणा एकदा जाहीर करून भागत नाही, तो राखावा लागतो, हे यातून निघते.

चौथा आक्षेप सर्वांत साधा आणि सर्वांत गंभीर आहे: जेपेग माहिती टाकून देते, आणि टाकलेली माहिती परत येत नाही. पुन्हा पुन्हा उघडून जतन केलेला, एका गटातून दुसऱ्या गटात फिरलेला फोटो दर फेरीला थोडा झिजतो. मराठी वाचकाला याचा फटका खास बसतो. जेपेग निसर्गातल्या सलग बदलणाऱ्या छटांसाठी घडवले गेले, अक्षरांच्या धारदार कडांसाठी नव्हे. आपण मात्र लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची नोटीस, सातबाऱ्याचा उतारा, वर्तमानपत्राचे कात्रण, सारे काही फोटो म्हणून पाठवतो. तीव्र आकुंचनात सर्वांत आधी जातात ते बारीक तपशील, आणि देवनागरीत अर्थ अशाच तपशिलांवर टेकलेला असतो. अनुस्वाराचा ठिपका पुसला, रफार शिरोरेषेत मिसळला, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक धूसर झाला की शब्द बदलतो. याचा दोष मात्र मानकाला देता येत नाही. जेपेगने गुणवत्तेची कळ वापरणाऱ्याच्या हाती ठेवली होती: किती टाकायचे ते तुम्ही ठरवा. अक्षरांसाठी पीएनजी आणि पीडीएफही मोकळेपणाने उपलब्ध आहेत. बिघाड झाला तो ही कळ हळूहळू दुसऱ्यांच्या हाती गेल्यामुळे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगमाच्या सेवेतून. तेव्हा डायल-अपचा वेग ९,६०० बिटांच्या घरात असे आणि स्वस्त खात्यात तर केवळ मजकूरच दिसे. त्या काळात फोटो लहान करणे ही पाठवणाऱ्याची गरज होती आणि निर्णयही त्याचाच होता. आज गरज उलट्या बाजूने येते. बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या, मुंबईतल्याच आयबीपीएस या संस्थेच्या अर्जात फोटो २०० गुणिले २३० ठिपक्यांचा आणि २० ते ५० केबीचा हवा असतो, सही १० ते २० केबीची. लहान न करता तो फोटो सुमारे १३८ केबीचा होईल, म्हणजे तिप्पट ते सातपट आकुंचन सक्तीचे आहे. लाखो अर्ज साठवायचे तर मर्यादा असणे समजण्यासारखे आहे. पण या मर्यादांमुळे गावोगावच्या सायबर कॅफेत आणि महा ई-सेवा केंद्रांत फोटो केबीत बसवून देणे हे रोजचे काम झाले आहे, आणि ज्याला ते जमत नाही त्याचा अर्ज अडतो. दुसरीकडे व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना तो आपोआप लहान करते; मूळच्या जवळ जाणारा एचडी पर्याय तिथे २०२३ साली आला, आणि तोही निवडावा लागतो. नव्या पद्धतींचे भवितव्यही मोजक्या हातांत आहे. जेपेग एक्सएल हे मोकळे मानक जुन्या जेपेग फाइली काहीही न गमावता सुमारे वीस टक्क्यांनी लहान करू शकते. तरी २०२२ मध्ये क्रोमने त्याचा प्रायोगिक पाठिंबा काढून घेण्याचे ठरवले आणि त्याची वाट अडली.

अहमद यांनी सूत्र छापले, समितीने नावे झाकून निवड केली, लेन आणि सहकाऱ्यांनी आज्ञावली वाटली. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी हातातला फायदा सोडून सर्वांसाठी वाट मोकळी ठेवली, म्हणून फोटो हलका झाला आणि गरिबाच्या फोनवरूनही जाऊ लागला. त्या परंपरेशी प्रामाणिक राहायचे तर मागणी दोन बाजूंनी करायला हवी. शासनाने आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी मोकळ्या फॉर्मॅटमधला कोणताही वाजवी फोटो स्वीकारावा आणि तो लहान करण्याचे काम आपल्या संगणकाकडून करून घ्यावे. ते तंत्र तीस वर्षांपासून फुकट उपलब्ध आहे, अर्जदाराला त्यासाठी दुकान गाठायला लावण्याचे कारण नाही. आणि आपण प्रत्येकाने पाठवायची प्रत आणि ठेवायची प्रत वेगळी मानावी. पाठवायची प्रत हवी तेवढी लहान करा, मूळ फाइल मात्र जपा, आणि ज्यात अक्षरे आहेत असा कागद फोटो म्हणून पाठवण्याऐवजी पीडीएफ म्हणून पाठवा.